हिरवा कुणगा

विठू पंचाची स्कूटर दारात थांबली तेव्हा चंद्रावतीला वाटलं, हा घर चुकला. आता बांदवाडा एवढासा, घरं सगळी एकमेकांना चिकटलेली, आणि विठू तर इथंच लहानाचा मोठा झालेला. तो घर चुकेल कसा? पण लेक पेडण्याला सासरी गेली, नवरा कृष्णनाथ वारला, आणि त्यानंतर तिच्या अंगणात पोदेर, म्हणजे पाववाला, सोडून कुणाचं चाक म्हणून आलं नव्हतं. पोदेर तरी काय, भोंगा वाजवायचा, दोन उंडे हातावर ठेवायचा आणि सायकलवर टांग टाकून पुढं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे "उंडो कालच्यापरास ल्हान दिसता रे" एवढंच. उंडा लहान असो नाहीतर मोठा, हे वाक्य ती रोज बोलायची. तेवढंच तोंड उघडायला निमित्त.

विठूनं रेनकोट काढला आणि सोप्यावरच्या खुंटीला अडकवला. रेनकोट काढला म्हणजे बसणार! चंद्रावतीची जी धांदल उडाली ती विचारू नका. चुलीवर चहाचं आधण, फळीवरच्या बऱ्या कपबश्या खाली, त्या पदरानं पुसून पुन्हा पदरानंच पुसल्या. आतून ती ओरडून विचारत होती, "आवय कशी आसा रे तुझी? गुडघे काय म्हणतत? धाकट्याचा लगीन ठरला काय?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न. बिचारा विठू "बरी आसा, बरी आसा" करत राहिला.

चहा हातात आल्यावर त्यानं घसा खाकरला. "काकी, झरीकडच्या वरच्या कुणग्यात तू भात लावलंस."

"बघलंस?" चंद्रावतीचं तोंड असं फुललं की सांगून सोय नाही. तिला वाटलं, पोरगा एवढ्या पावसातून कौतुक करायला आलाय. "कसा जोमान इला, बघलंस मगे? मी एकटीन हां! कोणाक हाक मारूक नाय. माती पण मीच काढलंय."

"ता भात काढूक होया, काकी."

"काढतलंय ना. चवथ होवंदे, कापणीक—"

"कापणीक नाय. आताच. उपटून काढूक होया."

आता ही काय भानगड, ते आधी सांगायला हवं. बांदवाड्याच्या माथ्यावर डोंगर आहे आणि डोंगरावर खाण आहे. कुणाची ते सोडा, खाणी सगळ्या एका माळेचे मणी. पावसाळ्यात खाणीचा तांबडा गाळ ओहोळातून उतरला तो थेट शेतवाडीत. पहिल्या साली पाऊलभर, मग घोटाभर, मग गुडघाभर. लोकांनी साखळीच्या रस्त्यावर ट्रक अडवले, डिचोलीला मोर्चा नेला, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. शेवटी सरकारनं मध्ये पडून कंपनीला नुकसानभरपाई द्यायला लावली. दर वर्षी चतुर्थीआधी शेती खात्याचा माणूस पाहणीला येणार, शेतवाडीत पीक नाही असं लिहिणार, आणि मग घरटी पैसे मिळणार. मोठा विजय! फटाके लावले होते लोकांनी. अट तेवढी एकच की शेतवाडी, म्हणजे सगळ्यांचे कुणगे, भाताचे तुकडे, मिळून एक धरायची. तिच्यात कुठंही उभं पीक दिसलं तर जमीन पिकाऊ ठरली, पैसे बंद. शेती केली तर दंड आणि नाही केली तर बक्षीस, असला न्याय कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे, पण निघाला खरा, आणि बांदवाडा त्यावर जगायला लागला.

"तुझो एक कुणगो हिरवो दिसलो," विठू सांगत होता, "तर सगळ्यांचे पैशे बंद. तुझे पण."

"माका कोणी सांगूक नाय रे असा," चंद्रावती म्हणाली. आणि खरंच कुणी सांगितलं नव्हतं; कागदपत्रांचं सगळं कृष्णनाथच बघायचा. सांगायला कुणी यावं तर लागतं!

पूर्वी असं नव्हतं हो. शेतवाडी होती तेव्हा एकाचं दुसऱ्यावाचून अडायचं. आज माझी लावणी, उद्या तुझी. आज तुझी माणसं माझ्या कुणग्यात, उद्या माझी तुझ्या. आषाढात कुणाच्या घरी कोण जेवतंय याचा मेळ नसायचा. चंद्रावती नवी नवरी म्हणून या गावात आली तेव्हा पहिल्यांदा माणसं ओळखायला लागली ती पाठीवरून, लावणीच्या ओळीत वाकलेल्या पाठींवरून. शेत बुडालं आणि अडणं संपलं. पैसे बँकेत यायला लागले, घराघरात टीव्ही आला, कुंपणाला लोखंडी फाटकं आली. भांडण कुणाचं कुणाशी झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, भांडणाला निदान दोन माणसं लागतात. भाताची भरपाई सरकारनं आणून दिली, पण माणसांची कोण देणार? त्याला कुठलं खातं आहे?

मग यंदा उन्हाळ्यात तिनं वरच्या कुणग्यातला गाळ काढायला घेतला, तो काही शेतीच्या प्रेमानं नव्हे. खोटं कशाला सांगा. सकाळी भांडी घासून झाली की पुढचा दिवस ठेवायचा कुठं, हा तिच्यापुढं प्रश्न होता. कुणगा उंचावर, झरीजवळ, तिथं गाळ पातळ बसलेला. एक दिवस सहज खोरं घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी पाटीही नेली. बघता बघता खालची काळी माती दिसायला लागली. साखळीच्या बाजारातून तिनं बी आणलं, तरवा केला आणि आषाढात एकटीनं लावणी केली. लावणी ही काय एकट्यानं करायची गोष्ट आहे? पाठीला बाक आणि तोंडाला कुलूप! रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एखादा तरी ओळखीचा थांबेल, "गो काकी, काय गो ह्या?" असं ओरडेल, म्हणून ती मधूनमधून कंबर सरळ करून बघायची. कुणी थांबलं नाही.

तर आता विठू थांबला होता, तोही हे सांगायला.

चंद्रावती भांडखोर बाई नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोटावर पाय देऊन चार पायल्या भात घरात आणावं, अशी तिची बुद्धी कधीच नव्हती. "काढून टाकतंय" हे शब्द तिच्या अगदी जिभेवर आले होते. पण नेमका त्याच वेळी विठूनं कप खाली ठेवला आणि रेनकोटाकडे बघितलं.

"बघतंय हां," चंद्रावती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे विचार करूक होयो मगे."

विठूचा खुंटीकडे गेलेला हात परत आला. तो पुन्हा टेकला. आणखी एक कप चहा झाला. मग त्यानं नाकदुऱ्या काढायला सुरुवात केली. कृष्णनाथकाका किती समंजस होता, मोर्च्याच्या वेळी तो कसा सगळ्यांच्या पुढं होता, एकदा नदीत जाळं टाकायला गेला आणि हवालदाराची टोपीच कशी धरून आणली! ही टोपीची गोष्ट चंद्रावती विसरूनच गेली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. विठू उठला तेव्हा दिवेलागण झाली होती. जाताना तो म्हणाला, "काकी, नीट विचार कर." ती म्हणाली, "करतंय तर." फाटकापर्यंत पोचवायला गेली, आणि स्कूटर वळणाआड गेल्यावरही तिथंच उभी राहिली. चंद्रावतीच्या मनात त्या घडीला भात नव्हतंच. तिला कळलं होतं ते एवढंच की 'हो' म्हटलं असतं तर तो तेव्हाच उठून गेला असता.

दुसऱ्या दिवशी सुलोचना आली. सुलोचना म्हणजे तिसऱ्या घरातली, लावणीच्या ओळीत जन्मभर चंद्रावतीच्या डाव्या हाताला असलेली. आताशा देवळात दिसली तर मान हलवायची, तेवढंच. ती पातोळ्या घेऊन आली, केळीच्या पानात बांधून.

"गो चंद्रावती, म्हातारपणी तुका काय हे डोहाळे लागले? लोकां गंगेक जातत, तू चिखलात गेलंस!"

"तू येवंचा होतंस वांगडा, सोबतीक."

"मी? माझे गुडघे बघलंस? आता मी वाकलंय तर उठवूक क्रेन हाडूक लागतली खाणीवरची."

दोघी हसल्या. पातोळ्या खाल्ल्या. सुलोचनानं सुनेच्या तक्रारी सांगितल्या, चंद्रावतीनं त्या चवीनं ऐकल्या. मग सुलोचना मुद्द्यावर आली. "सोड गो तो हट्ट. सगळ्या गावाचा जीव टांगणीक लागलो."

"हट्ट नाय गो. विचार करतंय."

"किती विचार करतलंस?"

"उद्या ये. उद्या सांगतंय."

आली की नाही उद्या? आली! चंद्रावतीनं परत उद्यावर ढकललं. मग शेजारची भाग्यलक्ष्मी आली. ही तरणी सून, लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं चंद्रावतीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तिनं आल्या आल्या खिडकीवरची कोळिष्टकं काढली, घागर भरून ठेवली, आणि म्हणाली, "काकी, बस, केसांक तेल लायतंय." चंद्रावती पायरीवर बसली. भाग्यलक्ष्मीची बोटं डोक्यावरून फिरायला लागली आणि चंद्रावतीनं डोळे मिटले. तिच्या डोक्याला माणसाचा हात लागून किती काळ झाला होता, ते तिचं तिलाच आठवेना. भाग्यलक्ष्मी बोलत होती. भरपाईच्या पैशांतून मुलाला साखळीला इंग्रजी शाळेत घातलंय, नवऱ्याच्या ट्रकच्या फेऱ्या कमी झाल्या, त्याचं डोकं भडकलेलं असतं. चंद्रावती "हं, हं" करत होती. रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. वेणी घालून झाल्यावर भाग्यलक्ष्मीनं विचारलं, "मगे, काढतलंस मगे?"

"बघतंय हां, बाय. दुसऱ्या बाजून पण वेणी घालशील?"

तुम्ही म्हणाल, ही म्हातारी भलतीच बेरकी. असेलही. पण कधी रिकाम्या घरात महिनोन्‌महिने भिंतींशी बोलून बघा, मग म्हणा.

गावात मात्र काय काय बोललं जात होतं. बाई भाव खाते. कंपनीनं तिला फूस लावलीय, म्हणजे सगळ्यांना द्यायचे पैसे वाचतील. तिला जास्त वाटा हवाय. एक दिवस विठू पुन्हा आला आणि म्हणाला, "काकी, आमी सगळे वर्गणी काढतंव. तुझ्या भाताची किंमत काय ती घे आणि मोकळी हो." चंद्रावतीला अंगावर गरम पाणी पडल्यासारखं झालं. "माका किंमत नको," ती म्हणाली. "तर काय होया तुका?" विठूनं विचारलं. आता याला काय सांगणार? मला तू इथं बसायला हवास, असं कोण कुणाला सांगतं? ती गप्प बसली. विठूनं ते गप्प बसणं नोंदवून ठेवलं आणि गावात जाऊन सांगितलं, बाईचा आकडा मोठा दिसतोय.

पुढल्या दिवशी भाग्यलक्ष्मी आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तेल नाही, वेणी नाही. "काकी, आमी रोज येतंव, पायां पडतंव, आणि तू आमका खेळयतंस? बरा. पैशे गेले तर ह्या दारात परत कोणी पाय ठेवचो नाय. उद्या आजारी पडलंस तर पाणी देवक पण कोणी येवचो नाय, सांगान ठेवतंय."

एवढं बोलून ती तरातरा निघून गेली. चंद्रावती खांबाला धरून उभी राहिली. ती भ्याली, खरंच भ्याली. तिनं हिशेब असा केला होता की 'हो' म्हटलं तर माणसं जातील. 'नाही' म्हटल्यावर तर कायमची जातील, हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता.

आणि दुपारी धाकू आला. धाकू हा वाड्यातला सगळ्यात गरीब माणूस, दुसऱ्यांची शेतं करणारा. शेतं गेली तेव्हा त्याचं कामही गेलं. मोर्च्यानंतर त्यालाही भरपाईत लहानसा वाटा मिळाला होता. त्याची बायको जानकी मूत्रपिंडाच्या आजारानं खंगलेली, तिला आठवड्यातून दोनदा म्हापशाला डायलिसिसला न्यावं लागे. धाकू अंगणातच थांबला, डोक्यावर प्लास्टिकची खोळ तशीच.

"वर ये रे धाकू. चा घे."

"नको, वयनी. गाडी थांबली आसा. जानकी बसली आसा गाडीत." तो विनवणी करायला आला नव्हताच. "शेत तुमचा. तुमी काय ता ठरवा. माका फक्त एक सांगा. पैशे येवचे नसले तर आताच सांगा. गाडीवाल्याक सांगूक होया, फुडल्या म्हयन्यापासून येव नको म्हणान."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो फक्त उत्तराची वाट बघत होता, आणि रस्त्यावर गाडीच्या काचेला डोकं टेकून जानकी बसली होती. चंद्रावतीला स्वतःची अशी लाज वाटली म्हणता! आपण इथं पातोळ्या खाल्ल्या, वेण्या घालून घेतल्या, टोपीच्या गोष्टी ऐकल्या, आणि त्या बाईचा श्वास आपल्या 'बघतंय हां' वर लटकत होता.

"येतले," ती म्हणाली. "पैशे येतले. जा तू. गाडी थांबव नको कोणाची."

धाकू गेला आणि तिनं छत्री उचलली. विठूच्या घरी गेली, तीही त्याच्या सोप्यावर चढली नाही. "उपटूया," म्हणाली.

विठूच्या छातीवरचा धोंडा उतरला. "देव तुझा बरा करो, काकी! परवा पाहणी आसा. मी दोन कामगार धाडतंय, दोडामार्गाकडचे आसत, अर्ध्या तासात साफ करतले. तुका हात पण लावूक नको."

"कामगार नको." तिनं छत्री मिटली. "एका घरातसून एक बायलमाणूस येवक होया. सगळ्या घरांतसून. सकाळी. नाय येतली तर मी एक काडी उपटूची नाय."

"अगो पण कशाक? एवढोसो कुणगो—"

"माझी तेवढीच अट."

विठूनं डोक्याला हात लावला. इतके दिवस ही बाई मोठा आकडा सांगणार म्हणून गाव धास्तावलेलं, आणि मागितलं काय तर हे! पण फुकटात सुटतंय म्हटल्यावर कोण खळखळ करतो? रात्रीच्या आत घरोघर निरोप गेला.

सकाळी श्रावणातलं ऊन पडलं होतं, मध्येच भुरभुर येत होती. बायका आल्या. कुणी मॅक्सीवर टॉवेल गुंडाळून, कुणी पायात चपला तशाच, तोंडं तर अशी की एरंडेल प्यायल्या असाव्यात. भाग्यलक्ष्मी सगळ्यांत मागं, हाताची घडी घालून. सुलोचना आली, गुडघ्याला पट्टी बांधून. चंद्रावती मेरेवर, म्हणजे कुणग्याच्या बांधावर, उभी होती, साडीचा काचा मारून.

"ओळीन रवा गो सगळी!"

"उपटूक कसली ओळ?" कुणीतरी कुरकुरलं.

"ओळ म्हणजे ओळ. सुलोचने, तू माझ्या डाव्या हाताक. भाग्या, तू हय, उजव्याक."

मग नाइलाजानं ओळ झाली. पहिलंच पाऊल टाकलं आणि एका तरण्या सुनेची चप्पल चिखलात राहिली, ती काढायला वाकली तर तीच बसली, थेट कमरेपर्यंत. मग सुलोचना म्हणाली, "गो, नवऱ्याक फोटो धाड, म्हण पार्लरात गेलंय!" आणि हसण्याचा जो धबधबा सुटला तो सुटलाच. पुढं कुणाला थांबवता येईना. जुन्या बायकांची कंबर आपोआप वाकली. चुळुक चुळुक करत मुळं चिखलातून सुटायला लागली. कुणीतरी लावणीचं गाणं सुरू केलं. उपटताना लावणीचं गाणं! पण दुसरं कुठलं येत होतं त्यांना? तरण्यांना ते ठाऊक नव्हतं, त्या शेवटचा शब्द तेवढा ओरडायच्या. कुणाची सासू कुणाला काय म्हणाली, कुणाच्या पोरीचं कुठं जमतंय, सगळी लक्तरं वेशीवर नव्हे, मेरेवर आली. चंद्रावती मध्ये होती. डावीकडे सुलोचनाचा दंड लागत होता, उजवीकडे भाग्यलक्ष्मीचा. भाग्यलक्ष्मी पहिल्यांदा रागानं उपटत होती, मग विसरली. "काकी, कालचा मनात ठेव नको हां," ती हळूच म्हणाली. "कसला कालचा?" चंद्रावती म्हणाली. तिला त्या वेळी काहीसुद्धा आठवत नव्हतं. ती सुखी होती. कृष्णनाथ गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोटभर सुखी होती, आणि ते सुख तिच्या हातात मुठीमुठीनं उपटून येत होतं.

मध्येच सुलोचना थबकली. तिच्या हातात एक जाड बुडखा होता. तिनं बोटांनी चाचपला. "गो चंद्रावती, ह्या पोटरेक इला."

बाजूच्या दोघीतिघी थांबल्या. पोटरीला आलेलं भात म्हणजे पोटुशी बाई. त्याला उपटायला हात धजत नाही. गाणंही थांबलं. चंद्रावतीनं बघितलं. खालच्या कुठल्याशा कोंबात कणीस धरलं होतं, तिच्या एकटीच्या हातच्या लावणीतलं. मग तिनंच तो बुडखा सुलोचनाच्या हातून घेतला आणि मागच्या ढिगावर टाकला.

"चल गो, थांबतंस कित्याक? गाणा म्हण."

गाणं परत सुरू झालं. चंद्रावती मात्र आता हळूहळू उपटायला लागली, एकेक काडी. "अगो सावकाश, घाई कसली," असं म्हणत राहिली. पण उपटणीचं काम ते! लावणीला अख्खा दिवस जातो, उपटणीला काय लागतं? ऊन वर यायच्या आत कुणगा उघडा पडला.

तिनं पहाटेच उठून मोठ्या टोपात उकड्या तांदळाची पेज केली होती. सोबत मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, आणि सुक्या सुंगटांची, कोलंबीची, किसमूर. सगळ्या मेरेवर बसल्या, चिखलाच्या पायांनी, आणि भुरके मारत पेज प्यायल्या. "काकी, किसमूर काय झाली गो!" "आमच्या लेकरांनी असला कधी खावक नाय." चंद्रावती टोप घेऊन ओळीनं फिरत होती. घे गो आणखी, घे. तिचे पाय जमिनीवर नव्हते.

मग कुणाचा तरी फोन वाजला. शाळेची गाडी यायची वेळ झाली होती. एकीचा गॅस येणार होता. झरीवर पाय धुतले, टॉवेल सोडले, "येतंय हां काकी", "येतंय", आणि बघता बघता मेर रिकामी झाली. सुलोचना शेवटी उठली. तिला उठवायला चंद्रावतीनंच हात दिला. "बरा वाटला गो," सुलोचना म्हणाली आणि लंगडत गेली. चंद्रावतीनं टोप घासला. त्यात थोडी पेज उरली होती, ती तिनं तिथंच बसून संपवली.

दुसऱ्या दिवशी पाहणी झाली. साहेब जीपमधून उतरलादेखील नाही, काच खाली करून बघितलं, लिहिलं, काच वर. चतुर्थीआधी पैसे आले. धाकूची गाडी म्हापशाला जात राहिली, ते एक बरं झालं. चतुर्थीला लेक आली, पाचव्या दिवशी गणपती पोचवून परत गेली. गावानं चंद्रावतीला दुवा दिला, देवळात दिसली की बायका आता मान हलवण्याऐवजी हसायच्या. पण घरी कोण येणार? कशाला येणार? गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणणंही बरोबर नाही. माणसं वाईट नव्हती. त्यांना कामं होती, आणि तिच्याकडे कुणाचं काम नव्हतं.

सुलोचनाकडे एकदा ती स्वतःच गेली. सुलोचना मालिका बघत होती. "बस गो," म्हणाली, आणि दोघी मालिका बघत बसल्या. जाहिरात लागली की सुलोचना दोन शब्द बोलायची. चंद्रावती तिसऱ्या जाहिरातीला उठली.

दिवाळी झाल्यावर एक दिवस साखळीच्या बाजारात तिला विठू दिसला. तो घाईत होता, पिशवी स्कूटरला अडकवत होता. चंद्रावती गर्दीतून वाट काढत जवळ आली, तिला धाप लागली होती.

"विठू, रे विठू! तुका एक सांगूचा होता. आमचो नदीकडचो कुणगो आसा मगे, त्याचो गाळ मी आतापासून काढूक घेतलंय. फुडल्या वर्सा थय भात लावतलंय."

विठूच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "काकी! परत? अगो, तुका ठावक नाय काय? थय लावलंस तरी उपटूकच लागतला. सगळ्या गावाक येवक लागतला!"

"होय तर." चंद्रावतीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती अगदी समजुतीनं बोलत होती. "पण मोठो आसा तो कुणगो, विठू. उपटूक दोन दिस लागतले."